चिठ्ठी लागलेला खेळाडू

पेण-रोहा एसटीत रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. भांडणातून सवडच मिळाली नाही. तो पेणजवळच्या जोहे गावचा. घरी गणपती रंगवायचा आणि रोह्याला कंपनीत कामाला जायचा.

मोबाइलवरच्या बास्केटबॉल लीगमध्ये आमचा दोघांचा मिळून एक संघ होता. अमेरिकेतले खरे खेळाडू निवडायचे. ते तिथे खेळले की इथे आपल्याला गुण. आमचा एक खेळाडू गुडघा दुखावून दीड महिना घरी बसलेला. त्याचे रोज शून्य, आणि आम्ही तळाला.

"अहो, काढा त्याला! दुसरा घ्या!" मी रोज ओरडायचो.

तो रंग लागलेल्या अंगठ्याने स्क्रीन पुसायचा, त्या लंगड्याचा फोटो बघायचा आणि मोबाइल खिशात टाकायचा. "मूर्तीला एकदा नावाची चिठ्ठी लागली का ती दुसऱ्याला देत नाय आमी. गिऱ्हाईक किती का उशिरा येईना."

"अहो, हा गणपती नाही!" डोकं फिरायचं माझं.

पुढे माझाच पाय मोडला. दोन महिन्यांनी काठी टेकत एसटीत चढलो. गाडी खच्चून भरलेली, आणि माझ्या जागेवर त्याची पिशवी.

"आलात एकदाचे!" कंडक्टर वैतागून म्हणाला. "रोज भांडतोय हा माणूस. इथं कुणाला बसूच देत नाय."

त्याने पिशवी मांडीवर घेतली. मी बसलो. मोबाइल बघितला, आम्ही तळालाच होतो आणि तो लंगडा अजून संघात होता. ओरडायला तोंड उघडलं, पण 'काढा त्याला' काही म्हणवेना.