आमच्या चर्चची शताब्दी

रेजिनामावशी शेवटच्या बाकावर बसलेली दिसली आणि माझं मिस्सेच्या प्रार्थनेतलं लक्षच उडालं. आमच्या खेड्यातल्या चर्चची शताब्दी होती. एरवी दर रविवारी गाणं मावशीच धरते आणि तिच्यामागून अख्खं गाव गातं. पण बिशप येणार म्हणून समितीने शहरातून गायक आणले आणि तिला सांगितलं, "आज तुम्ही आरामात बसा." त्या गायकांची गाणी कुणालाच येईनात. भरलेलं चर्च मुकं उभं होतं. आपल्याच घरच्या सणात आपण पाहुणे का होतो?

मी चिडून मागे गेलो. "मावशी, तू धर ना एखादं!"

"गप रे. बिशपांसमोर शोभतं का?"

शेवटी बिशप त्या गायकांकडे बघत कौतुकाने म्हणाले, "तुमचं गाव किती गोड गातं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीही मनापासून टाळ्या वाजवत होती. माझे हात काही उठले नाहीत.