अप्पांचं सुतक आणि माझं व्हिटॅमिन डी

माझे वडील गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास वारले, आणि ही बातमी त्यांना स्वतःला दुपारी दोन वाजता फोनवर कळली.

दोष सगळा माझा. (बायकोच्या मते ‘सगळा’ हा शब्द फारच सौम्य आहे.)

झालं असं, की आमच्या लेकीचा, ऋचाचा साखरपुडा दीड महिन्यावर आला होता आणि माझे केस रोज मूठभर कंगव्यात येत होते. शांती नगरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट बघून म्हणाले, व्हिटॅमिन डी फारच कमी आहे. केस गळण्याशी त्याचा संबंध असू शकतो, नसूही शकतो. तुमचं वय आहे, घराण्यात टक्कल असेल तर तेही बघावं लागेल. यातलं ‘संबंध असू शकतो’ एवढंच घेऊन मी घरी आलो. औषध सोपं होतं. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची आणि रोज थोडा वेळ हातापायांवर ऊन घ्यायचं.

पुडी मिळाली. ऊन मिळेना! आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, पण सूर्य काही दिसत नाही. राहिली गच्ची. तिला कुलूप, आणि चावी आमचे सेक्रेटरी शाहभाई यांच्याकडे. पंधरा दिवस मी त्यांच्या मागे लागलो. पंधरा दिवस त्यांचं एकच उत्तर, ‘टेरेस पे कोई अलाउड नहीं है.’

पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. मूळचा रत्नागिरीचा माणूस, असा सहजासहजी हटणार नाही. मी विचार केला (इथेच सगळं बिघडलं), की चावी मिळेल तेव्हा मिळेल, आपली तयारी हवी. डॉक्टर म्हणाले हातापायांवर ऊन घ्या. पण केस हातापायांवर थोडेच उगवायचेत? कुंडीतल्या तुळशीला पाणी घालायचं तर आपण मातीत घालतो. तेव्हा ऊन थेट टाळूवर पडलं पाहिजे, आणि मध्ये आडवे येतात ते उरलेसुरले केस. ते काढले की काम झालं. महिन्याभरात नवं, दाट पीक येईल आणि साखरपुड्याला मी जावयाचा थोरला भाऊ शोभेन, असा माझा हिशेब होता.

मंगळवारी रजा टाकली. बायको, सुनंदा, सकाळच्या शाळेत शिकवायला गेल्यावर मी सलून गाठलं आणि सांगितलं, पूर्ण गोटा कर, दाढीमिशीही उडव. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, चालू असलेली गाणी बंद केली आणि अख्खा वेळ एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, किती मन लावून काम करतोय.

परत येताना गेटवर शाहभाई भेटले. माझं डोकं बघून त्यांचा चेहराच बदलला.

‘अरे, कब हुआ?’

‘अभी, आधा घंटा पहले.’

‘कुछ तकलीफ थी क्या?’

‘तकलीफ तो बहुत दिन से थी. डॉक्टर ने बोला, विटामिन डी एकदम कम है.’

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘चलो, जो होता है अच्छे के लिए होता है. मेरे लायक कुछ काम हो तो बोलो.’

मी काय सोडतोय? म्हटलं, गच्चीची चावी द्या, थोडा वेळ एकटं बसायचंय. त्यांनी खिशातून काढून तत्काळ माझ्या हातात ठेवली. डोळे पाणावले होते बिचाऱ्यांचे! मी मनात म्हटलं, माणूस वाटतो तेवढा वाईट नाही. मोबाईल घरी चार्जिंगला लावला आणि गच्चीवर जाऊन ऊन खात बसलो.

आता, आपल्याकडे मिश्या-दाढीसकट डोकं भादरलेला माणूस दिसला की लोक काय समजतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला आठवलं नाही, कारण मी व्हिटॅमिनच्या तंद्रीत होतो. माझी आई पाच वर्षांपूर्वी गेली तेव्हा अख्खी सोसायटी येऊन गेली होती. म्हणजे आता राहिले कोण, तर गावी राहणारे माझे वडील, अप्पा. शाहभाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर तसं टाकलं, आणि त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली.

साडेबाराला सुनंदा घरी आली, तर दाराशी शेजारच्या नाईककाकू पिठलं-भाताचा डबा घेऊन उभ्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून माउलीने रांधून आणलं होतं. काकूंनी हिला मिठी मारली आणि म्हणाल्या, ‘धीर धर गं. गेलेलं माणूस काही परत येत नाही.’ आता घरात रजेवर होतो मी एकटा, आणि बेल वाजवली तर आतून कोणी उघडेना. सुनंदा मटकन पायरीवरच बसली.

तेवढ्यात वरून मी उतरलो. मला जिवंत बघून ती रडायला लागली. मग माझं डोकं नीट बघितलं आणि जे बोलली, ते नाईककाकूंनी डब्याचं झाकण लावून घेत ऐकलं.

इथवर थांबलं असतं तर हसून सोडलं असतं. पण जावयाची आत्या आमच्याच सोसायटीत, सी विंगला राहते. बातमी तिच्याकडून भाईंदरला त्यांच्या घरी पोचली. तिथे मुलाची आजी. ऋचा आणि आमचे जावई एका ऑफिसातले, त्यांनी आपलं आपण जमवलेलं. आजींना हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. नातवाने वर्षभर मनधरणी केली तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या होत्या. त्यांना आयतंच कारण मिळालं. सुतकात साखरपुडा नाही, वर्षाच्या आत शुभकार्य नाही, आणि वर्षाने काय ते बघू, असा निरोप थेट ऋचाला गेला.

तिचा ऑफिसातून फोन आला. ‘बाबा, आजोबा गेले आणि तुम्ही मला सांगितलं पण नाही?’

पोर हुंदके देत होती, आजोबांसाठी आणि मोडत चाललेल्या लग्नासाठी, आणि तिचा बाप उन्हात डोकं शेकत बसला होता. मला स्वतःचीच इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिला खरं काय ते सांगितलं. ‘आधी आजोबांना फोन करा,’ म्हणून तिने फोन ठेवला.

मी तडक अप्पांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी फक्त विचारलं, माणसं किती आली होती? पिठलं-भात एकाच घरून आला म्हटल्यावर त्यांना जरा वाईट वाटलं.

मग जावयाने आजींसमोर अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. गावची रेंज ती! अप्पांचा चेहरा पडद्यावर आला आणि तिथेच थिजला. डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. आजी म्हणाल्या, हा तर फोटो आहे, आणि तोही कधी काढलाय ते दिसतंय.

झालं. हे कळल्यावर ब्याऐंशी वर्षांचे अप्पा इरेला पेटले. ‘मेल्या, मी स्वतः येतो,’ म्हणाले आणि संध्याकाळची एसटी धरली. सकाळी काशीमिऱ्याला हायवेवर उतरले ते कडक इस्त्रीचं धोतर नेसून. गेटवर शाहभाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि चावी परत घ्यायला माझ्यापुढे हात पसरला.

अप्पांना चहा पाजून आम्ही सगळे भाईंदरला गेलो. अप्पा आजींच्या समोरच्या खुर्चीत बसले, दोन लाडू खाल्ले आणि म्हणाले, आता सांगा, सुतक कुणाचं धरताय? आजींनी त्यांना नीट न्याहाळलं. तब्येतीविषयी त्यांची शंका राहिली नाही. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावर गेली. सुनंदाने घडलेलं सगळं सांगितलं, पुडीपासून तुळशीच्या कुंडीपर्यंत, काहीही न वगळता. खोलीत कोणी हसलं नाही. आजींनी ऋचाला जवळ बोलावलं.

‘हे तुझे सख्खे वडील?’

‘हो आजी.’

‘आणि तू बुद्धीने कुणावर गेलीस?’

‘आईवर,’ ऋचा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली.

आजींनी माझ्याकडे आणखी एकदा बघितलं, मोठा निःश्वास टाकला आणि म्हणाल्या, ‘मग ठरल्या तारखेलाच करू.’