वडिलांच्या हाताचं ऑडिट

वडिलांच्या उजव्या हाताची बोटं बरेच दिवस बधिर होती. चाकणच्या एका कंपनीत ते कंत्राटावर प्रेस मशीन चालवतात. हात गेलाय असं सुपरवायझरला कळलं तर काम जाईल, ही त्यांची भीती. त्यामुळे डॉक्टरांनी नसांची आणि स्नायूंची तपासणी सांगितली, तेव्हा त्यांनी ती कंपनीतल्या ऑडिटसारखीच मनावर घेतली.

घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. साहजिकच तपासणीबद्दल वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आधी हलके शॉक, मग स्नायूत बारीक सुई, उपाशी राहायचं नाही. मी सगळं समजावलं. वडील मान हलवत होते. आपण बरं शिकवतो, असं मला उगाच वाटून गेलं.

मोशीच्या घरून निघताना त्यांचा हात चकाकत होता. ऑडिटच्या आधी मशीन पुसून ऑइलिंग करतात, तसं त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत खोबरेल चोळलं होतं. मला वाटलं, चांगलंच असेल.

तपासणीच्या खोलीत वायरींच्या चिकटपट्ट्या हातावर टिकेनात.

"काका, तेल लावून यायचं नसतं. कुणी सांगितलं नाही?" डॉक्टर म्हणाले.

"पोरीनं सगळं सांगितलं. एवढंच राहिलं वाटतं."

साबणाने हात धुऊन झाल्यावर शॉक सुरू झाले. प्रत्येक शॉकला बोट उडायचं आणि वडील खूश होऊन म्हणायचे, "बघा, चालू हाय!" सुई टोचली तेव्हा त्यांनी मूठच आवळली. मशीन जोरात खरखरलं.

"काका, हात सैल सोडा. ताकद दाखवू नका."

"मग नापास कराल की!"

शेवटी डॉक्टर म्हणाले, "मनगटात नस दाबली जातेय. पट्टा बांधा, सध्या प्रेसवर काम नको."

"म्हणजे रिजेक्ट का रिवर्क? भंगारात का दुरुस्तीला?"

"रिवर्क," डॉक्टर हसले.

बाहेर आल्यावर वडिलांनी फोन लावून माझ्या हातात दिला. "तू शिकलेली. सुपरवायझरला नीट सांग."

मी "हॅलो सर" म्हणाले आणि पुढचं वाक्य जुळवतच राहिले. वडिलांनी फोन काढून घेतला. "सर, हात दुरुस्तीला हाय. पॅकिंगला टाका, पण काढू नका."

पलीकडून सुपरवायझरचा आवाज आला, "या पॅकिंगला. आणि राव, सुई फार दुखते का? माझ्याही बोटांना मुंग्या येतात. कुणाला बोलू नका."

वडील जिन्याच्या पायरीवर ऐसपैस बसले. "सांगतो सर," म्हणाले, "पहिल्यापासून सांगतो."