आज ऋचा माझ्या तासाला बोलली

मंडळी, आज मधल्या सुट्टीत माझा आल्याचा चहा पुन्हा गार झाला. या घोर अन्यायाची आपण सर्वांनी नोंद घ्यावी.

कारण ऋचा. यंदाच अकोल्याहून जबलपूरला आलेली, आमच्या नववीतली सर्वांत शांत मुलगी. स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "सर, मी उद्यापासून शाळेत नाही येत. माझ्या हिंदीला सगळे हसून राहिले."

संस्कृतच्या मास्तराला अशा वेळी सुभाषित सुचतं. मलाही सुचलं, पण तिचे डोळे पाहून गिळलं. विचारलं, "मग बोलतेस कोणाशी?"

"कोणाशीच नाही. तुम्हीच तर वर्गाला सांगता, ऋचासारखं शांत राहायला शिका."

उत्तर दिलं ते तिच्याच वर्गातल्या अंशिकानं. बडबडीबद्दल मीच तिला स्टाफरूमबाहेर उभं केलं होतं. "सर जी, इसको मेरे बगल में बिठा दो ना. मैं तो दीवार से भी बात कर लेती हूँ!"

ऋचा खुदकन हसली.

शेवटच्या तासाला दोघी एका बाकावर. मी फळ्यावर शब्दरूपं लिहितोय आणि मागून अखंड कुजबुज! इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्गातल्या गोंगाटानं मला प्रथमच आनंद झाला. निघताना विचारलं, "उद्या?"

"येते ना सर!"

घरी येताना स्कूटरवर मी चक्क गात होतो.

पण खरं सांगू? माझ्या वर्गात अजून चार मुलं कधीच बोलत नाहीत. कालपर्यंत मी त्यांना गुणी म्हणत होतो. ती गप्प का असतात, हे मला माहीत नाही.