बगळ्यांची चिंच

रामवाडीतला आमचा हा झाडं तोडणारा गडी नुसता खाकरला, तरी तिकडे कासू स्टेशनात उभी असलेली गाडी सिग्नल न बघता सुटायची. दहा माणसांचा भात एकटा उडवायचा आणि वर ढेकर देऊन म्हणायचा, "आज भूकच नाय." पण झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी हाच राक्षस बुंध्यापाशी नारळ फोडून अगदी हळू आवाजात वरच्या पाखरांना सांगायचा, "उद्या येतो हां, घरं बदला."

हायवे रुंद करताना बगळ्यांची चिंच आड आली. ऐन श्रावण. घरट्याघरट्यात पंख न फुटलेली पिल्लं. त्या संध्याकाळी तो नारळ हातात घेऊन नुसताच उभा राहिला. मग ठेकेदाराला म्हणाला, "शेट, पिल्लं उडू द्या. गणपतीनंतर फुकट तोडतो."

"तुला नाय जमत तर ऱ्हाऊ दे. सकाळी जेसीबी लावतो."

सकाळी त्यानेच तोडली. निदान फांद्या दोराने हळू उतरवता येतील म्हणून. तरी पिल्लं चिखलात सांडलीच. कावळे जमले, कुत्री जमली. घरची कोंबडीसुद्धा शेजाऱ्याकडून कापून घेणारा हा माणूस खाली बसला आणि एकेका पिल्लाची मान पिरगळू लागला.

"अरे, काय करतोस हे?" मी ओरडलो.

"जिती फाडतील त्यांना," तो मान वर न करता म्हणाला. "तुम्ही तिकडची घ्या."

मी एक उचललं. खायला मिळेल म्हणून त्याने माझ्याकडे बघत चोच उघडली.