गोड्या पाण्याची गळती

मोने काका बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात करंगळी बुडवायचे आणि चक्क जिभेला लावायचे. आमटीतलं मीठ बघावं तसे डोळे मिटून चव घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "खारं!" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. डिझेलचा तवंग होता हो त्या पाण्यावर! काका मात्र मलाच समजवायला लागले, "अगं, खारं म्हणजे समुद्र. तो खालून येणार, त्याच्या वाटा ठरलेल्या. गोडं म्हणजे पाऊस. तो वरून कुठूनही शिरतो आणि भलतीकडेच उगवतो. खाऱ्याला मी भीत नाही."

सिंगापूरला, हौगांग भागात, आमच्याच मजल्यावर कॉरिडॉरच्या टोकाला काका आणि मालतीकाकू राहायचे. मूलबाळ नव्हतं. दोन हजार बारा-तेराचा सुमार असेल, मी नुकतीच मुंबईहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर आले होते. एका सकाळी दिसलं, की आख्ख्या ब्लॉकने कपडे वाळत घातलेत आणि हे गृहस्थ कठड्यावर एक लांबलचक गादी पसरून तिच्याकडे रागाने बघतायत. मराठी माणूस आहे हे त्यांच्या पुटपुटण्यावरून कळलंच होतं. मी विचारलं, "काका, घरात कोणी लहान आहे का?"

"आहे ना," काका म्हणाले. "पस्तिशीचं आहे आणि अजून गादी ओली करतं."

ते पस्तिशीचं बाळ म्हणजे त्यांची शिडाची बोट. चांगीच्या बाजूला एका लहानशा बोट क्लबात ती बांधलेली असायची. पुण्याच्या पेठेत वाढलेला माणूस, आयुष्यभर ऑफिसात मॅनेजरकी केलेली, समुद्राशी संबंध काय तर सुट्टीत पाय भिजवण्यापुरता. पण घेतली खरी बोट, तीही कोणाची तरी वापरून झालेली. क्लबातला म्हातारा चिनी वॉचमन दर शनिवारी त्यांना सांगायचा, "अंकल, सेल लाह. धिस वन फिनिश ऑलरेडी." बोट विकून टाकायचा हा सल्ला ऐकून काका त्याला केळी द्यायचे आणि आत जायचे.

मीही जायला लागले, कारण शनिवारी मला दुसरं काम नव्हतं आणि काकूंचा डबा असायचा. मी टेस्टर आहे कळल्यापासून काकांनी मला सोडलं नाही. "तुमचं बरं आहे, बग सापडला नाही की म्हणायचं पुढच्या रिलीजला बघू. इथे पाऊस पुढच्या रिलीजपर्यंत थांबत नाही!" आधी तळ फडक्याने कोरडाठाक करायचा आणि त्यावर लिटल इंडियातून आणलेली पांढरी रांगोळी चाळणीने भुरभुरायची, ही त्यांची पद्धत. पाणी आलं की रांगोळीत ओघळ उठायचा आणि त्याचा माग काढत काका पोटावर सरपटत इंजिनामागे गुडूप व्हायचे. इंजिनाचा दांडा बाहेर जातो तिथली गळती त्यांनी अशीच पकडली. एक चिरलेला पाइप पकडला. समुद्राचं पाणी यायचं थांबलं. सरपटून आलेले काका पांढरे फटक दिसायचे आणि बाकावर बसलेल्या काकू म्हणायच्या, "आले बघा, पिठाच्या गिरणीतून."

काकू बाकावर, म्हणजे बाहेर धक्क्यावर. बोटीत पाऊल ठेवायच्या नाहीत. ठेवलं होतं एकदाच, अगदी पहिल्या फेरीला. दुपारी केबिनमधल्या डाव्या बंकवर जरा आडव्या झाल्या आणि उठल्या तेव्हा पाठ चिंब! वर सर्दी-तापाने आठवडा गेला. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "माझा बंक कोरडा झाला की बोलवा. तोवर मी आपली जमिनीवर बरी." काका बोटीसाठी नव्हे, या एका वाक्यासाठी राबत होते. निवृत्त झालं की पहाटे दोघांनी निघायचं, कुठल्याशा बेटाजवळ नांगर टाकायचा आणि काकूंनी बोटीवरच पोहे करायचे, एवढंच त्यांचं स्वप्न. त्यात तो बंक आडवा येत होता.

कारण तिथलं पाणी गोडं होतं. पाऊस झाला की बंक ओला. काकांनी खिडक्या काढून पुन्हा बसवल्या. डेकवरचा एकेक स्क्रू काढायचा, भोक स्वच्छ करायचं, सीलंट भरायचं, हलकं आवळायचं, दुसऱ्या दिवशी ते धरलं की मग पूर्ण आवळायचं. घाई केलेली त्यांना खपत नसे. "पाणी दिसतं तिथून शिरलेलं नसतं," हे वाक्य तर इतकं ऐकलंय, की मी ऑफिसातही तेच म्हणायला लागले. शेवटी ते तांब्यातून कुंकवाचं पाणी डेकवर जागोजागी ओतायला लागले. मी खाली बंकपाशी बॅटरी घेऊन, ते वरून ओरडणार, "लाल?" मी म्हणणार, "नाही, काका."

त्याच सुमाराला काकूंचं दुखणं निघालं. पोटातलं, आणि उशिरा कळलेलं. काकू हॉस्पिटलात, काका रजा घेऊन सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापाशी आणि मधल्या वेळात बोटीवर. लोक नावं ठेवायचे, बायको आजारी आणि याला बोट सुचते. मला मात्र त्या माणसाची घाई दिसत होती.

एकदा मी भेटायला गेले तर काका मोबाईलवर काकूंना डेकचे फोटो दाखवत होते. सगळीकडे लाल डाग. काकूंनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "सगळीकडे कुंकू ओतलंत. माझ्या पाटीवर कुठे ओतलंत?"

पाटी म्हणजे बोटीच्या नावाची. बोटीचं नाव 'मालती'. पुण्याहून पितळी अक्षरं घडवून आणलेली, केबिनच्या पुढच्या अंगाला शिडाच्या खांबाजवळ बसवलेली.

"ती मी स्वतः बसवली आहे," काका म्हणाले.

"म्हणून तर म्हणते. बोटीच्या पूजेच्या दिवशी माझ्या दादाने फोनवर मुहूर्त दिला होता, आठवतं? तुम्ही सीलंट शोधत होता, मीच म्हटलं मुहूर्त टळेल, आधी लावा. तुम्ही म्हणालात, नंतर भरतो. भरलंत?"

काकांचा चेहरा मी पाहिला. त्यांना हे आधीच सुचलेलं होतं.

"काढा की पाटी," काकू हसत म्हणाल्या. "मी काय लगेच मरते?"

"काहीतरीच बोलू नकोस. तू घरी आलीस की काढतो."

"अहो, बंक कोरडा झाला तर मी येणार. उलटंच आहे तुमचं!"

बाहेर लिफ्टपाशी काका मला म्हणाले, "ओतायला तांब्या उचलला होता गं परवा. पण खाली लाल दिसलं तर काढावीच लागेल ना? ती तिथे पडलेली असताना तिचं नाव मी स्क्रूड्रायव्हरने उचकटू? माझा शकुन-अपशकुनावर विश्वास नाही. तरी हात वळत नाही."

माझाही वळला नसता.

काकू घरी आल्याच नाहीत. शेवटच्या दिवशीही शुद्धीत असताना काकांना म्हणाल्या होत्या, "बंकचं बघा." तेराव्यानंतरच्या शनिवारी काकांनी माझं दार वाजवलं. "चल. आज तांब्या नको, स्क्रूड्रायव्हर घे."

पाटी निघाली. स्क्रूंच्या भोकांतून काळं पाणी ओघळलं. आतलं लाकूड उकळलेल्या चहापत्तीसारखं होऊन हाताला आलं. तिथून शिरलेला पाऊस छताच्या दोन थरांमधून मागे वाहत जायचा आणि नेमका काकूंच्या बंकवर उतरायचा. काकांनी पाण्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली, पण निकाल सांगितला नाही. मग त्यांनी सगळं कुजकं खरवडलं, कोरडं होऊ दिलं, भरलं, सीलंट लावून पाटी पुन्हा बसवली. हलकं आवळलं. दुसऱ्या दिवशी येऊन पूर्ण आवळलं. कसलीच घाई केली नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. आम्ही केबिनमध्येच होतो. गादी बाजूला काढून काकांनी बंकच्या फळीवर रांगोळी भुरभुरली होती. धक्का दिसेनासा झाला, वर पाण्याचा नुसता धडधडाट चाललेला, आणि काका गुडघ्यांवर हात ठेवून त्या फळीकडे बघत बसलेले. पाऊस थांबला. रांगोळी जशीच्या तशी होती, एक ओघळ नाही.

त्यांनी उठून गादी जागेवर ठेवली, उशी झटकून ठेवली, पायथ्याशी काकूंची शाल घडी करून ठेवली. मग धक्क्यावरच्या रिकाम्या बाकाकडे बघत मला म्हणाले, "कोरडा झाला. बोलाव तिला."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं तिथेच बसून रडलो.