चोविसावं घर

आमच्या वाडीत किती घरं आहेत असं कुणी विचारलं, की वाडीतला कुणीही न अडखळता सांगायचा, "तेवीस." आणि द्वारकाकाकी ऐकू येण्याच्या टप्प्यात असली, तर मागून तिचा आवाज यायचा, "चोवीस." मग ती गोठ्यात असो, विहिरीवर असो, नाहीतर डोक्यावर लाकडाची मोळी असो. भांडणाचा सूर नसायचा त्यात. विसराळू माणसाला आठवण करून द्यावी तसं ती सांगायची आणि आपल्या कामाला लागायची.

मी महाडची, बाजारपेठेजवळची. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला या डोंगरवाडीत आले, तेव्हा मला हा विनोदच वाटला. वाडीचाही तो लाडका विनोद होता. पंगतीत वाढून झालं की कुणीतरी ओरडायचं, "तेवीस झाली, आता काकीचं चोविसावं पान!" सगळे हसायचे, काकीही हसायची, आणि नवी नवरी म्हणून मी पदराआड हसायचे. घरं मोजून बघावीत असं मला सुचलंच नव्हतं. एकदा दळण घेऊन जाताना सहज मोजली, तर चोवीसच भरली.

नवऱ्याला विचारलं. महेश औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर जातो, त्यामुळे त्याला काहीही विचारलं तरी तो जांभई देऊनच उत्तर देतो. "अगं, तिचं घर पुकारात नाही," तो म्हणाला. शिमग्याला देवळापुढे आमची गावकी बसते. घरागणिक नाव पुकारतात. त्या घरातला बाप्यामाणूस "हाय" म्हणून उठतो आणि वर्गणी ठेवतो. मग वर्षभर वाडीच्या कामात त्या घराला बोलायचा अधिकार. काकीचा नवरा तरणाताठा गेला. मुलगा नव्हता. एक मुलगी, ती शिवथरच्या खोऱ्यात दिलेली. नवरा गेल्यावर गावकीने काकीची वर्गणी माफ केली, दया येऊन केली. पण वर्गणी नाही म्हणून पुकार नाही, आणि पुकार नाही म्हणून घर मोजणीत नाही. गावकीचे अध्यक्ष माझे सासरे, आबा.

आबा दुष्ट मुळीच नव्हेत. दर शिमग्याला काकी पदराच्या गाठीत पैसे बांधून आमच्या ओटीवर यायची आणि आबा ते पैसे परत करायचे, वर एक नारळ हातात द्यायचे. "विधवेचं घेऊन आमाला कुठं फेडायचं, गो?" असं ते म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. काकी तो नारळ तिथेच ठेवून जायची. जाताना तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "देतं ते घर, भाऊजी. नुसतं घेतो तो पाव्हणा."

माझी आणि तिची खरी ओळख झाली ती खिंडीत. मी मुंबईच्या एका ऑफिसचं काम घरून करते. पण 'घरून' हे नुसतं म्हणायला. घरात रेंजची एक काडीही दिसायची नाही. लॅपटॉप, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन रोज वरच्या खिंडीत जायचं, तिथल्या एका कातळावर बसायचं, की महाडच्या बाजूने कुठूनशी रेंज यायची. एकट्या बाईने रानात बसायचं म्हणून सासूबाई धास्तावल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी काकी आपल्या शेळ्या घेऊन खिंडीत हजर झाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. "शेळ्यांना हितला पाला मानवतो," असं म्हणाली. त्या उघड्या कातळाभोवती पाला कसला, चार काटेरी करवंदीच्या जाळ्या!

मग किती महिने आम्ही दोघी तिथे बसलो. मी साहेबांशी इंग्रजीत बोलायला लागले, की ती हातातली काठी वर करून शेळ्यांना गप्प करायची. शेळ्या थोड्याच ऐकतात! एकदा ऐन मीटिंगमध्ये बोकड ओरडला आणि पलीकडून कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे आलेत का?" मी हे काकीला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. रेंज गेली की मी चिडायचे, नशिबाला आणि नवऱ्याला बोल लावायचे. ती म्हणायची, "वाऱ्यावर कसली गो चिडतेस? आला तर आपला, गेला तर लोकांचा." भाकरी मात्र ती माझी कधी नुसती घ्यायची नाही. मी भाजी दिली की तिची चटणी माझ्या डब्यात पडलीच पाहिजे.

तळीयेला दरड कोसळली त्या पावसात आमच्या वाडीचाही जगाशी संबंध तुटला. मुंबईला असलेल्या आमच्या माणसांना आम्ही जिवंत आहोत की नाही हेसुद्धा कळेना. त्यानंतर त्या मुंबईकरांच्या मंडळाने मनावर घेतलं की वाडीत फायबरची लाइन न्यायचीच. सरकारी लाइन खालच्या ग्रामपंचायतीपर्यंत आली होती, पण तिथून डोंगर चढायचं तिच्या मनात दिसत नव्हतं. म्हणून महाडच्या एका केबलवाल्याला बोलावलं. त्याने ओटीवर चहा पीत हिशोब मांडला. "आबा, सरळ सांगतो. चार घरांसाठी वायर वर आणली तर मी बुडेन. खांब तुमचे, खड्डे तुमचे, निम्मा खर्च मंडळाचा, निम्मा घरांनी डिपॉझिट म्हणून भरायचा. वायर वाडीच्या मालकीची राहील. महिन्याच्या बिलातला वाटा मी वर्षाच्या शेवटी पैसे घालणाऱ्या घरांना देईन. पण दोन डझन कनेक्शनं पाहिजेत. त्याच्या खाली परवडत नाही."

आबांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हायत की! चोवीस घरं हायत आमची."

अंगणात काकी उभी होती. तिने काही म्हटलं नाही. तिला म्हणायला काही उरलंच नव्हतं. नुसती आबांकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला त्या क्षणी आबांचा अभिमान वाटला. त्याच आठवड्यात तिने तो मीटिंगवाला बोकड विकला.

गावकी बसली. नावं पुकारली जाऊ लागली. एकेक जण "हाय" म्हणत उठला, डिपॉझिट ठेवून बसला. आम्ही बायका देवळाच्या कडेला उभ्या. माझ्या शेजारी काकी, पदराची गाठ मुठीत. तेविसावं नाव झालं आणि आबांनी उपरण्याने तोंड पुसलं. काकी पुढे झाली. "भाऊजी, माझं?"

"तुझं मंडळ भरतंय, गो. तुला माफ. कनेक्शन फुकट मिळंल."

"फुकट कुनी मागितलं? पैशे हायत हे. घ्या, आन् पुकार करा."

"पुकाराला बाप्या लागतो, द्वारके. तुला म्हाईत नाय का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "काकीचं चोवीस कामाला आलं बघा एकदाचं!" आणि देवळापुढचं सगळं अंगण हसलं. या खेपेला काकी हसली नाही.

केबलवाल्याच्या कागदावर तिची सही हवी होती. ती सही करेना. दोन दिवस वाडी चुळबुळत होती. तिसऱ्या दिवशी ती खिंडीत माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला एका शब्दाने काही म्हटलं नाही. पण लाइन यावी म्हणून माझा जीव किती टांगणीला लागलाय ते तिला दिसत असणारच. छत्री वाऱ्याने उलटी होत होती आणि मी ती सावरत साहेबांची माफी मागत होते. मीटिंग संपल्यावर ती म्हणाली, "करते सही. तू तरी कवापत्तुर हितं बसशील?" मी तिचे हात धरले. मला आनंद झाला होता. आज लाज वाटते ती त्या आनंदाची.

खांब रोवायला घरटी एक माणूस ठरला, तेव्हा काकी स्वतः कुदळ घेऊन आली. आबांनी ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली. मोडेमची पेटी बसवायला पोरगा आला, तेव्हा तिने त्याला दारातच अडवलं. "आत नको. पडवीला लाव. पाव्हण्याची वस्तू घरात कशाला?" ती पेटी तिच्या पडवीत हिरवी लुकलुकत राहिली. तिने ती कधी वापरली नाही. पण वायर मात्र तिने सांभाळली. वानरं वायरीला लोंबकळायची, तर ही शेळ्यांमागे फिरता फिरता त्यांना गोफणीने हाकायची. तिला वाडीला काही तरी द्यायचं होतं आणि एवढंच एक असं होतं, जे तिच्या हातातून कुणी काढून घेतलं नाही.

मी घरात, पंख्याखाली बसून काम करू लागले. पगारही वाढला. आमच्या घराकडे येणारी वायर काकीच्याच कौलांवरून येते.

वर्ष झालं. शिमग्याच्या आधी केबलवाला वाडीचा वाटा घेऊन आला. आबांनी तेवीस वाटे केले. महेश म्हणाला, "काकीचा?" आबा म्हणाले, "तिनं पैशे घातले नायत, तर वाटा कशाचा द्यायचा? पण रिकाम्या हातानं ठेवायची नाय तिला. तिला साडी घेऊ." त्यांच्या हिशोबात चूक काढता येत नव्हती. पैसे घातले नाहीत ते आम्हीच घेतले नाहीत म्हणून, हे त्या ओटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि मला साडी आणायला महाडला पाठवलं. मी तीन दुकानं पालथी घालून निळी, बारीक काठांची साडी आणली. चांगली निवडली म्हणून सासूबाईंनी माझं कौतुकही केलं.

शिमग्याला पुकार झाला, वाटे झाले, आणि आबांच्या खुणेवर मी ती साडी काकीच्या हातात ठेवली. तिने घडी उलगडली. काठावरून बोट फिरवलं. "झ्याक हाय गो," म्हणाली आणि घराकडे निघून गेली. आम्हाला वाटलं, खूश झाली.

थोड्या वेळाने ती परत आली ती तीच साडी नेसून, हातात कपड्यांचं गाठोडं घेऊन. देवाला नमस्कार केला. मग आबांसमोर उभी राहिली.

"येते मी, भाऊजी."

"आता कुठं गो सणासुदीला?"

"शिवथरला, पोरीकडं. शेळ्या तिचा दीर येऊन नेईल." ती अगदी शांतपणे बोलत होती. "पाव्हणीला साडी दिली म्हंजे निरोप दिला. साडी घेऊन पाव्हणी ऱ्हात नसती."

कुणीतरी सवयीने विनोद करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आबांचा हात उपरण्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिला अडवायचं तर तू पाहुणी नाहीस असं म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणायचा अधिकार देवळापुढे बसलेल्या एकालाही उरला नव्हता. ती निळी साडी उतारावरून खाली रस्त्याला लागेपर्यंत दिसत होती.

पुढे केबलवाल्याचा फोन आला. चोविसाव्या कनेक्शनचं नूतनीकरण करायचं, तर नाव असलेल्या माणसाची सही लागेल. आबांनी ऐकून घेतलं. मग आम्हा दोघांना म्हणाले, "जावा, तिला घेऊन या. म्हनावं, पुकार करतो. बाप्या नसला तरी करतो." त्यांचा आवाज भरून आला होता. तो काकीसाठी भरला होता की दोन डझनांसाठी, हे मला त्यांचं तोंड बघूनही ओळखता आलं नाही. हे ओळखता येऊ नये याचीच मला वाटभर शरम वाटत होती.

काकी लेकीच्या पडवीत शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून तिला खराच आनंद झाला. चहा झाला. मी आबांचा निरोप सांगितला. तिने शेंगा फोडणं न थांबवता विचारलं, "बोलावनं माझं हाय, का पेटीचं?"

महेश म्हणाला, "दोन्हीचं, काकी."

"खरं बोललास रं बाबा," ती म्हणाली, हात पुसले आणि कागद मागून घेतला. मी मध्ये काही म्हणायच्या आत तिने सही केलीसुद्धा. "पेटी चालू ऱ्हाऊ दे. हिचं काम हाय तिच्यावर."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी हितं बरी हाय. हितं पाव्हणीच हाय, आन् सगळ्यांना ठाव हाय. कुनी घर म्हनून मोजत नाय, आन् मोजायचं सोंगबी करत नाय."

निघताना मला राहवलं नाही. गाडीवर बसता बसता म्हटलं, "काकी, आता आबासुद्धा चोवीस म्हणतात."

ती हसली. पूर्वी हसायची तशीच, विसराळू माणसाला आठवण करून द्यावी तशी.

"नाय गो," ती म्हणाली. "तेवीस."

तिचं घर बंद आहे. पडवीत पेटी लुकलुकत असते. वायरीवरची वानरं हाकायला हल्ली आबा जातात. त्यांना गोफण नीट फिरवता येत नाही. परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये नव्याने लागलेल्या एका मुलीने कौतुकाने विचारलं, "मॅडम, एवढ्या डोंगरात तुमच्याकडे फायबर? किती घरं आहेत हो तुमच्या गावात?" सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी आवाज बंद केला, नुसते ओठ हलवले, आणि लाइन गेल्याचं सोंग केलं. आमची लाइन कधीच जात नाही.